छऱ्यांची बंदूक आणि अंगावर येणारा ड्रोन

बाराबोअर

गेल्या रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जाताना पुठ्ठ्याचा एक ड्रोन कापून नेला होता. सात इंची पात्यांचा एफपीव्ही ड्रोन (त्याच्या कॅमेऱ्यातून बघत उडवायचा) असतो ना, त्या मापाचा. मधला पाठीचा पट्टा, चार हात, टोकांना मोटरींचे चार गोल आणि पोटाखाली आरपीजीच्या (खांद्यावरून डागायच्या रॉकेटच्या) गोळ्याचं तोंड. मधल्या फटी फटीच ठेवल्या, कारण खऱ्या ड्रोनमध्येही तिथे हवाच असते. हा पुठ्ठा मोठ्या पांढऱ्या कागदावर चिकटवला आणि ३५ मीटरवर उभा केला.

पहिलं काडतूस एसजीचं, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपासचे नऊ छर्रे. कागदाला सात भोकं पडली, त्यातलं एकच पुठ्ठ्यात. दुसरं एसजी मारलं तर पुठ्ठा कोरा. नऊच्या नऊ छर्रे फटींमधून निघून गेले होते. मग त्याच फुल चोकच्या (छर्रे कमी पसरावेत म्हणून तोंडाशी अरुंद केलेल्या) नळीतून ३ मिलिमीटरच्या छऱ्यांचं ३२ ग्रॅमचं काडतूस मारलं आणि पेन्सिल घेऊन मोजायला बसलो. ७५ सेंटिमीटरच्या वर्तुळात १२८ भोकं, पुठ्ठ्यावर आठ. एक थेट मोटरीच्या गोलावर, तीन पाठीवर, बाकी हातांवर.

हा उद्योग का केला ते सांगतो. युक्रेनच्या लढाईत आज खंदकातल्या शिपायाच्या हाती रायफलीबरोबर बारा बोअरची बंदूक दिसते, आणि ती दोन्ही बाजूंना दिसते. रशियाचे सैनिक सायगा-१२ आणि एमपी-१५५ वापरतात, युक्रेनकडे तुर्की बनावटीच्या आणि इटालियन बंदुका आहेत. इटलीच्या बेनेली कंपनीने २०२५ मध्ये आपल्या एम-४ बंदुकीची खास ड्रोनसाठीची आवृत्ती काढली, सोबत टंगस्टनच्या छऱ्यांचं काडतूस. टंगस्टन शिशापेक्षा पुष्कळ जड असतं, त्यामुळे बारीक छर्राही लांबवर जोर टिकवून धरतो.

आपल्याकडे या विषयावर बोलणं निघालं की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ‘शिकारीच्या बंदुकीने कुठे युद्ध होतं का?’ दुसरा म्हणतो, ‘मग द्या प्रत्येक जवानाला एकेक, झालं.’ मला दोन्ही पटत नाही. मी गेली अकरा वर्षं ट्रॅप (उडत्या तबकड्या छऱ्यांच्या बंदुकीने फोडायचा खेळ) खेळतोय. माझं म्हणणं एवढंच आहे की बंदूक देणं सोपं आहे, पण ती उडत्या वस्तूवर चालवायला हाताला जे तास लागतात ते कुणी देत नाही, आणि सगळं त्या तासांवरच अवलंबून आहे.

ताशी १०० किलोमीटरने येणारा ड्रोन सेकंदाला २८ मीटर कापतो. तो ५० मीटरवर दिसला तर तुमच्याकडे दोन सेकंदही नाहीत. छर्रे नळीतून सेकंदाला ३८०-४०० मीटर वेगाने सुटतात खरे, पण हवेत लवकर मंदावतात. ३५-४० मीटर जायला त्यांना सेकंदाचा आठवा भाग लागतो. तेवढ्यात आडवा जाणारा ड्रोन साडेतीन मीटर पुढे सरकलेला असतो. म्हणजे नेम ड्रोनवर धरायचाच नाही, त्याच्या पुढच्या रिकाम्या हवेत धरायचा आणि चाप ओढल्यावरही नळी फिरती ठेवायची. रायफलवाल्याच्या हाताला नेमकी उलटी सवय असते. तो श्वास रोखतो, स्थिर होतो आणि मग चाप दाबतो. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटरवर जे कांस्यपदक घेतलं ती स्थिरतेची परमावधी होती. ड्रोनसमोर नळी थांबली की चुकलंच.

जाणकारांनी भर घालावी.

चिंचबन

वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध शंका: एवढं करण्यापेक्षा सिग्नल जाम करून तो पाडता येत नाही का?

बाराबोअर

ताई, शंका अगदी बरोबर आहे. २०२३ पर्यंत त्याचाच बराच आधार होता. पण २०२४ पासून ड्रोनच्या मागे काचतंतूची (ऑप्टिकल फायबरची) बारीक दोरी सोडायला सुरुवात झाली. रशियाने आपल्या कुर्स्क प्रांतातल्या लढाईत ते मोठ्या प्रमाणावर केलं, आता दोघंही करतात. ड्रोनखाली मोठ्या रिळावर दहा-दहा, वीस-वीस किलोमीटर तंतू गुंडाळलेला असतो. चित्र आणि हुकूम दोन्ही त्यातूनच जातात. रेडिओच नाही, मग जाम काय करणार? युक्रेनी सैनिक खिशात ‘त्सुकोरोक’ नावाची डबी ठेवतात (अर्थ साखरेचा खडा), रेडिओ लहर पकडली की ती इशारा देते. तंतूवाल्या ड्रोनसाठी ती मुकीच राहते. मग उरतात कान, डोळे, जाळी आणि छर्रे.

निवृत्त_सुभेदार

बाराबोअर, आकडे वाचले. मी पायदळात २४ वर्षं काढली. आमच्या वेळी विमानावर छोट्या हत्यारांनी मारा करायची कवायत होती. सगळ्यांनी मिळून विमानाच्या पुढच्या हवेत गोळ्यांची भिंत उभी करायची. ती ताटाएवढ्या वस्तूवर चालत नाही हे मान्य.

पण मला बंदुकीपेक्षा दुसरी काळजी आहे. वर बघतंय कोण? दहा माणसांच्या सेक्शनमध्ये दोघं समोर बघतात, एक मागे. कुणी खोदतोय, कुणी पाणी आणतोय, कुणी झोपलाय. आकाशाकडे डोळा लावून बसणं किती थकवणारं असतं ते करून बघा. पंधरा-वीस मिनिटांत नजर पांढरी पडते. हिवाळ्यात कानटोपी घातली की आवाज कमी येतो. तेव्हा बंदुकवाल्याबरोबर बदली करणारा एक जोडीदार हवा, आणि पहारा फार लांबवता कामा नये. ते नसेल तर तुमची बंदूक खंदकाच्या कडेला टेकवलेलीच सापडेल.

दुसरं, वजन. ही बंदूक रायफलीच्या जागी येत नाही, रायफलीच्या वर येते. तीन-साडेतीन किलो ती आणि २५ काडतुसांचे आणखी सव्वा किलो. चढावर कळतं.

फवारणीवाला

निफाडकडे द्राक्षबागांवर फवारणीचे ड्रोन चालवतो, त्यामुळे काय तुटतं ते हातांनी पाहिलंय. पात्याची बोटभर कपची उडाली तरी यंत्र थरथरायला लागतं, आणि त्या थरथरीने आतलं दिशादर्शक गोंधळतं. चार मोटरींच्या ड्रोनची एक मोटर गेली की तो भोवऱ्यासारखा फिरत खाली येतो. सहा मोटरींचा असेल तर एक गेल्यावरही कसाबसा उतरवता येतो. मागच्या हंगामात माझ्या ड्रोनला घार धडकली. पिसं बांधावर पडली आणि दोन पाती गेली, तरी सहा मोटरी होत्या म्हणून तो वाचला.

ड्रोनच्या सांगाड्याच्या कार्बनच्या पाटीवर बारीक छर्रा काही करणार नाही, ती तीन ते पाच मिलिमीटर जाड असते. पण पाती प्लास्टिकची, मोटरीतली तार केसासारखी, वरच्या कॅमेऱ्याची काच करंगळीच्या नखाएवढी. बॅटरीत एक छर्रा घुसला तर धूर आणि आग. म्हणजे जोरदार एक टोला नको, नाजूक जागी चार-पाच टोचण्या हव्यात. तुमच्या पुठ्ठ्यावरची आठ भोकं बघून ते पटलं.

ऑरेंजसिटी

थोडं वेगळं मत मांडतो. मे २०२५ मध्ये आपल्यावर जे ड्रोन आले, ८-९ मेच्या रात्री तर लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी तीन-चारशे, ते एल-७०, झेडयू-२३ आणि शिल्का तोफांनी पाडले. आमच्या नागपूरच्या कंपनीचं भार्गवास्त्र त्याच महिन्यात गोपालपूरला डागून पाहिलं, अडीच किलोमीटरवर ड्रोनच्या झुंडीला बारीक रॉकेटं. मला वाटतं पैसा आणि डोकं तिकडे लावावं. छऱ्यांची बंदूक ही हतबलतेची खूण आहे. जवानाला चाळीस मीटरवर मृत्यूची वाट बघायला लावणं हे धोरण होऊ शकत नाही.

अवांतर: छऱ्यांची बंदूक म्हटलं की मला २०१६ च्या काश्मीरमधल्या पोरांचे छऱ्यांनी जखमी झालेले डोळेच आठवतात. खंदकात बाजूला आपलाच माणूस असतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांचं काय?

बाराबोअर

ऑरेंजसिटी, तुमच्या मुद्द्याशी मी भांडत नाही. तोफा, रॉकेटं, जॅमर, ड्रोनवर सोडायचे ड्रोन, सगळं हवं. पण तोफ असते विमानतळाजवळ किंवा दारूगोळ्याच्या कोठाराजवळ. पिकअपच्या मागे बसून रसद घेऊन निघालेल्या चार पोरांजवळ ती नसते. आजची बरीच माणसं तिथेच, त्या पाच-दहा किलोमीटरच्या रस्त्यावर मरतात. हे चाळीस मीटर धोरण नाही, बाकीची सगळी धोरणं फसल्यावर उरलेलं अंतर आहे. ते मोकळं सोडायचं का, एवढाच प्रश्न आहे.

मर्यादाही स्पष्ट लिहितो, कारण व्हिडिओत फक्त पडलेले ड्रोन दिसतात. शंभर मीटर वर थांबून हातबॉम्ब सोडणारा मॅव्हिक (बाजारात मिळणारा कॅमेऱ्याचा छोटा ड्रोन) छऱ्यांच्या टप्प्यात येत नाही. रात्री येणारे मोठे बॉम्बफेकी ड्रोनही नाहीत. शाहेदचं तर नावच नको, अडीच मीटर पंखांचं ते छोटं विमान आहे. टप्प्यात येतो तो फक्त अंगावर झेपावणारा एफपीव्ही. आणि तोसुद्धा पंधरा मीटरवर लागला तर उपयोग थोडा, कारण तुटलेला ड्रोनही त्याच वेगाने पुढे येतो आणि त्याच्या नाकाला जमिनीवर टेकताच फुटणारी कळ असते. तो पंचवीसच्या पलीकडे पाडायचा. पहिली गोळी पस्तीसच्या आसपास, चुकली तर दुसरी लगेच. तिसरीला वेळ मिळेल असं धरून चालू नये.

डोळ्यांचा मुद्दा मी मनापासून मानतो. रेंजवर चष्म्याशिवाय आम्ही कुणाला रेषेच्या जवळ येऊ देत नाही. सेक्शनमध्येही प्रत्येक बंदुकवाल्याला आकाशाचा आपला तुकडा वाटून दिलेला हवा आणि नळी ठराविक उंचीखाली आली की गोळी सोडायची नाही, हे अंगवळणी पडलेलं हवं. घाबरलेला माणूस खाली उतरणाऱ्या ड्रोनबरोबर नळीही खाली आणतो आणि समोर सोबती असतो. हीच चूक मी नवशिक्यांच्या हातून तबकडीवर पाहिली आहे. तबकडी जमिनीकडे पडू लागली तरी ते तिच्या मागे जातात.

त्याची दुसरी बाजूही सांगतो. वर मारलेली रायफलीची गोळी दोन-अडीच किलोमीटरच्या पलीकडे कुठेही जाऊन पडते. ३ मिलिमीटरचा छर्रा अडीचशे मीटरच्या आत संपतो आणि खाली पडतो तेव्हा गारेसारखा. वस्तीजवळ हा फरक मोठा आहे.

विस्तुलाकाठी

मी दक्षिण पोलंडमध्ये असते. कामाच्या ठिकाणी खार्किवची एक बाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिचा भाऊ आघाडीवर आहे. हा धागा वाचून तिला विचारलं, ‘तुझ्या भावाकडे असते का गं अशी बंदूक?’ तिने फोनमधला फोटो दाखवला. बंदुकीच्या नळीच्या तोंडाला गुलाबी फुगा ताणून बसवला होता. आधी कळेना. म्हणाली, चिखल आत जाऊ नये म्हणून, गोळी सुटली की फुगा आपला फाटतो. दस्त्याला इन्सुलेशन टेपने पाच काडतुसं बांधलेली. भावाने तिला सांगितलंय की आवाज गांधीलमाशीसारखा येतो. पण गाडीत बसलं की इंजिनच्या आवाजात तो येतच नाही, म्हणून मागे बसणाऱ्याने कायम उलटं तोंड करून बसायचं.

सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या डोक्यावरून वीसेक रशियन ड्रोन आले तेव्हा ते पाडायला एफ-३५ लढाऊ विमानं उडाली होती. ते ड्रोन बरेचसे प्लायवुड आणि फोमचे होते. त्या रात्री मुलाला मांडीवर घेऊन बातम्या बघत होते. महागडी क्षेपणास्त्रं आणि थर्माकोलसारखे ड्रोन हा हिशेब इथे सगळ्यांच्या तोंडी होता.

युक्रेनच्या खेरसोन शहराबद्दल कुणीतरी लिहायला हवं म्हणून मीच लिहिते. तिथे नदीपलीकडून सोडलेले रशियन ड्रोन सायकलवरच्या, भाजी आणायला निघालेल्या माणसांच्या मागे लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं. त्या बायाबापड्यांच्या हातात कुठली बंदूक? तिथे रस्त्यांवर जाळ्यांचे बोगदे बांधलेत. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या कोळ्यांच्या जुन्या जाळ्या युक्रेनमध्ये अशा कामासाठी आल्या. मी हर्णैची. जाळीत ड्रोन अडकलेला फोटो पाहिला तेव्हा आमच्या पुळणीवर वाळत घातलेल्या जाळ्याच डोळ्यांसमोर आल्या.

चिंचबन

विस्तुलाकाठी, वाचून गलबलून आलं. काळजी घ्या.

शिरूरकर

विषय निघालाच आहे तर आमच्या भागातलं विचारतो. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्याकडे, तिकडे बीड-संभाजीनगरलाही, रात्री ड्रोन फिरायचे. चोर टेहळणी करतात म्हणून गावंच्या गावं जागी. आमच्या चुलत्यांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची डबल बॅरल आहे. रात्री दोन वाजता पोरं वाड्यावर आली, ‘आबा, काढा बंदूक.’ आबांनी काढली नाही. पण काढून एखादा पाडला असता तर?

वकिलीण

शिरूरकर, आबांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी योग्य तेच केलं.

पीक राखायला दिलेला परवाना आकाशात गोळी झाडायला नसतो. परवान्याच्या अटी मोडल्या की शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ३० लागतं, आणि परवानाही जातो. वस्तीत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहे. शिवाय ड्रोन कुणाचा ते रात्री कळत नाही. तो भूमापनाचा असू शकतो, पोलिसांचाही असू शकतो. तो भर वस्तीत, कुणाच्या गोठ्यावर पडला, बॅटरी पेटली, कडबा पेटला, तर जबाबदार पाडणारा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे तक्रार करता येते. ११२ ला फोन करा, वेळ आणि दिशा लिहून ठेवा, जमलं तर चित्रीकरण करा.

अमेरिकेतल्या केंटकीत २०१५ मध्ये एकाने अंगणावरचा ड्रोन छऱ्यांनी पाडला होता आणि स्थानिक न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. तो दाखला इथे कुणी देऊ नये. तिथेही संघराज्याच्या कायद्यात ड्रोन हे विमान आहे आणि विमान पाडणं गंभीर गुन्हा आहे.

फवारणीवाला

वकिलीण ताईंशी हजारदा सहमत. त्या वर्षी मला शेतात दिवसाढवळ्या अडवलं होतं. फवारणीचा ड्रोन पाहूनही लोक दगड घेऊन उभे. त्यांचा राग समजत होता, पण बंदूक असती तर काय झालं असतं हा विचार अजून जात नाही.

ऑरेंजसिटी

बाराबोअर, ‘बाकीची धोरणं फसल्यावर उरलेलं अंतर’ हे मला पटलं. हतबलता हा माझा शब्द मागे घेतो. मग सांगा, आपल्याकडे हे करायचं तर काय लागेल? परदेशी बंदुका मागवायच्या?

बाराबोअर

यातलं बरंचसं आपल्या घरातच आहे, म्हणून तर जीव तुटतो.

बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसं आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होतात. तो कारखाना १८६९ चा. पंप ॲक्शन बंदूक तिरुचिरापल्लीत होते. आणि उडत्या तबकडीवर मारायचं शिक्षण? महूला सैन्याची नेमबाजी तुकडी आहे. २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचं रौप्यपदक आणलेले राज्यवर्धन राठोड तेव्हा सैन्यात मेजर होते. म्हणजे उस्तादही आहेत आणि मैदानही आहे. ते पदकापुरतं न ठेवता साध्या पायदळाच्या पोरापर्यंत न्यायचं आहे.

हे काही नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाने बॉम्बर विमानांच्या तोफचींना आधी स्कीट (तोही तबकड्यांचाच खेळ) आणि ट्रॅपवर छऱ्यांच्या बंदुका चालवायला लावल्या. चालत्या ट्रकवर उभं करून तबकड्या फोडायला लावल्या. कारण हेच होतं, पुढच्या हवेत नेम धरायची सवय हाताला लागावी. तबकडी असते ११ सेंटिमीटरची आणि सुटते ताशी शंभरच्या आसपास. फरक एकच की तबकडी दूर जाते आणि हळू होत जाते, ड्रोन जवळ येतो आणि वळतो. म्हणून तबकडीवर थांबून चालणार नाही. स्वस्तातला सरावाचा ड्रोन, त्यामागे लांब दोरीला बांधलेला फुगा आणि अंगावर घेतलेली चाल, हा पुढचा धडा.

एका माणसाला दहामधल्या चार तबकड्या फुटेपर्यंत माझ्या अनुभवात पाचशे काडतुसं लागतात. त्यानंतर महिन्याला शंभर तरी, नाहीतर हात विसरतो. सेक्शनमागे दोन माणसं धरा आणि हिशेब करा. जवानाच्या जिवासमोर हा खर्च मला मोठा वाटत नाही.

युक्रेनने २०२५ मध्ये रायफलीतच चालणारी ५.५६ मिलिमीटरची एक गोळीही दाखवली, बाहेर पडली की तिचे छोटे तुकडे होतात. नाव ‘होरोशोक’, म्हणजे वाटाणा. मॅगझिन बदललं की झालं, वेगळी बंदूक नको. सुभेदार साहेबांनी वजनाचा जो मुद्दा काढला त्यावर मला हाच रस्ता बरा वाटतो. पण बारीक नळीत छर्रे बारा बोअरएवढे मावणार नाहीत, म्हणजे नेम जास्तच नेमका लागेल. तास तिथेही चुकत नाहीत.

सुभेदार साहेब, रविवारी येता का रेंजवर? तुमच्यासारख्या रायफलवाल्याचा हात किती काडतुसांत वळतो ते मला बघायचं आहे.

निवृत्त_सुभेदार

(तीन आठवड्यांनी)

उशिरा लिहितो, क्षमस्व. दोन रविवार बाराबोअरकडे गेलो. पहिल्या दिवशी २५ तबकड्यांपैकी २ फुटल्या. गालावर दस्ता नीट बसला होता, पाय बरोबर होते, तरी दर वेळी तबकडीच्या मागे मारत होतो. बाराबोअर मागून सारखे म्हणत होते, ‘काका, थांबू नका, थांबू नका.’ मला कळतच नव्हतं की मी थांबतोय. मग त्यांनी मोबाइलवर चित्रीकरण दाखवलं. चाप ओढायच्या क्षणी माझी नळी जागच्या जागी गोठत होती. चोवीस वर्षांची सवय.

दुसऱ्या रविवारी डोळे फक्त तबकडीवर ठेवले, नळीच्या टोकावरच्या मण्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं. २५ पैकी ७. शेवटच्या पाचांत तीन. खांदा अजून दुखतोय.

माझा मुलगा उत्तरेकडे पोस्टिंगवर आहे. त्याला काल फोनवर विचारलं, तुमच्या पोस्टवर वर बघायची बदली किती मिनिटांची ठेवता? जे सांगितलं ते इथे लिहिणार नाही, पण माझं समाधान झालं.

बाराबोअर, येत्या रविवारी तो दोरीचा फुगा करून बघू. फवारणीवाले, तुमच्याकडे सरावाला देण्यासारखा जुना ड्रोन आहे का?

फवारणीवाला

आहे, काका. पाती बदलून शनिवारी रात्रीपर्यंत पोचवतो. फुगे लाल आणू का? ढगांवर लाल चांगला दिसतो.

निवृत्त_सुभेदार

राखाडी आणा.